कुंडीतलं ऑर्किड: आधी मुळं, मग पाणी, खत सगळ्यात शेवटी

नवं आणलेलं ऑर्किड दोन-तीन महिने फुललेलं राहतं. मग फुलं गळतात, पानं मऊ पडतात, आणि पाणी कमी पडतंय असं समजून आणखी पाणी घातलं जातं. बहुतेक ऑर्किडं इथेच संपतात. ती नाजूक असतात हे खरं कारण नव्हे. मातीतल्या झाडांचे नियम आपण त्यांना लावतो, आणि कामंही उलट्या क्रमाने करतो: आधी खत, मग मोठी कुंडी, मग पाणी. मुळांकडे लक्ष जातं ते सगळं बिघडून गेल्यावर.

घरात ठेवली जाणारी बहुतेक ऑर्किडं निसर्गात झाडांच्या फांद्यांवर वाढतात. त्या झाडाचा रस ती शोषत नाहीत, फक्त आधार घेतात. पावसात मुळं भिजतात आणि वाऱ्याने काही तासांत सुकतात. या मुळांवर व्हेलामेन नावाचं मृत पेशींचं जाड, सच्छिद्र आवरण असतं. ते पाणी झटकन पितं आणि आतल्या मुळाला पुरवतं. हे आवरण सतत चिंब राहिलं तर आतल्या मुळाला हवा मिळत नाही आणि ते कुजतं. पुढची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीसाठी आहे.

हा लेख मुख्यतः फॅलेनॉप्सिस या प्रकारच्या ऑर्किडसाठी आहे, कारण नवशिक्यांच्या घरी तेच जास्त येतं. डेंड्रोबियमला जिथे वेगळी वागणूक लागते तिथे तसं सांगितलं आहे.

पायरी 1: आपल्याकडे कोणतं ऑर्किड आहे ते ठरवा

कुंडीवर नावाची चिठ्ठी असेल तर ती जपून ठेवा. नसेल तर झाडाची ठेवण बघा.

फॅलेनॉप्सिसची पानं रुंद, जाड आणि चामड्यासारखी असतात. ती एकाच मध्यातून आलटून-पालटून दोन्ही बाजूंना निघतात, आणि खोड जवळजवळ दिसतच नाही. पाणी साठवायला याला कंद नसतो, जे काही साठतं ते पानांत आणि मुळांत. म्हणून ते फार काळ कोरडं ठेवून चालत नाही.

डेंड्रोबियमला पेरं असलेली उभी, जाडसर खोडं असतात. त्यांना केन म्हणतात. पाणी आणि अन्न या केनमध्ये साठतं. ऑन्सिडियमला तळाशी फुगीर, चपटे कंद असतात. व्हांडाची जाड मुळं हवेत लोंबत असतात आणि ते बऱ्याचदा माध्यमाशिवाय (म्हणजे कुंडीत मातीऐवजी भरतात त्या सालीच्या तुकड्यांशिवाय किंवा मॉसशिवाय) नुसत्या जाळीच्या टोपलीत मिळतं. त्याला जवळजवळ रोज पाणी लागतं, त्यामुळे पहिलं ऑर्किड म्हणून व्हांडा घेऊ नका.

विकत घ्यायचंच असेल तर सगळी फुलं उमललेलं झाड टाळा. थोड्या कळ्या मिटलेल्या असलेलं घ्या. झाड हलकेच हलवून बघा, कुंडीत डुगडुगत असेल तर मुळं धड नाहीत. पानांची खालची बाजू आणि पानांच्या बेचक्या नीट तपासा, पांढरा कापसासारखा पुंजका दिसला तर ते झाड नको.

पायरी 2: पहिले दोन-तीन आठवडे फक्त निरीक्षण

घरी आणल्यावर लगेच कुंडी बदलू नका आणि खतही देऊ नका. इतर झाडांपासून लांब ठेवा, म्हणजे कीड असेल तर पसरायच्या आत कळेल.

या काळात दोन कामं मात्र करायची. पहिलं, शोभेची बाहेरची कुंडी काढून बघा. तिला तळाला भोक नसेल तर पाणी घालताना झाड त्यातून बाहेर काढावंच लागेल. दुसरं, मधल्या भागात काय आहे ते तपासा. रोपवाटिकेत लहान रोपं बऱ्याचदा मॉसच्या (वाळवलेल्या शेवाळाच्या) घट्ट गोळ्यात वाढवतात आणि नंतर तो गोळा तसाच ठेवून भोवती सालीचे तुकडे भरतात. वरची साल कोरडी दिसते, आत गोळा चिंब असतो. लाकडाची बारीक काडी मध्यापर्यंत हलकेच खुपसा आणि पाच मिनिटांनी काढा. काडी ओलसर किंवा गडद झाली असेल तर आत पाणी आहे.

असा गोळा सापडला आणि झाड फुलांवर असेल, तर फुलं संपेपर्यंत पाणी जपून द्या आणि मगच गोळा काढा.

> अपवाद: माध्यमाला कुजका वास येतोय, मुळं काळपट आणि लिबलिबीत झालीत, माध्यम ओलं असूनही पानं मऊ आहेत, असं दिसलं तर फुलं संपायची वाट बघू नका. फुलदांडा कापून पाण्यात ठेवा, फुलं तिथेही काही दिवस टिकतील. आणि झाड लगेच पायरी 5 प्रमाणे नव्या माध्यमात लावा.

पायरी 3: जागा ठरवा आणि मग ती बदलू नका

फॅलेनॉप्सिसला भरपूर उजेड हवा, दुपारचं थेट ऊन नको. सकाळचं कोवळं ऊन येणारी पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली. कडक उन्हाच्या खिडकीत ठेवायचं असेल तर मध्ये पातळ पडदा हवाच.

उजेड मोजायला हाताची सावली पुरते. दुपारी पानाच्या साधारण 30 सेंटिमीटर वर हात धरा. सावलीच्या कडा पुसट असतील तर जागा योग्य आहे. ठळक, रेखीव सावली म्हणजे ऊन जास्त. सावलीच पडत नसेल तर झाड जगेल, पण फुलणार नाही. पुसट आणि रेखीव यांच्या मधली सावली डेंड्रोबियमला मानवते, म्हणून त्याला थोडी जास्त उजेडाची जागा द्या.

महिनाभराने पानांचा रंग बघा. गडद हिरवी, लांबट, लोळणारी पानं कमी उजेडाची खूण आहेत. पिवळसर किंवा लालसर झाक म्हणजे उजेड जास्त होतोय. पानावर कोरडा, फिकट चट्टा पडला तर ते उन्हाने भाजलं आहे. तो चट्टा भरून येत नाही, पण त्यासाठी पान कापायची गरज नाही.

तापमान रात्री 16-18 अंशांच्या खाली आणि दिवसा 30-32 अंशांच्या वर फार काळ राहू नये. हवेत 50 ते 70 टक्के आर्द्रता असली की झाड सुखात राहतं. त्यासाठी पानांवर दिवसातून चार वेळा फवारा मारण्यात अर्थ नाही. फवाऱ्याने वाढलेली आर्द्रता काही मिनिटांत नाहीशी होते, आणि पानांच्या मध्यात साठलेलं पाणी मात्र झाडाचा घात करतं. चार-पाच झाडं जवळजवळ ठेवणं जास्त उपयोगी. वारा हलका आणि सतत हवा, पण एसीचा झोत थेट अंगावर नको.

पायरी 4: पाणी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

'आठवड्यातून एकदा' हा नियम सोडून द्या. तीच कुंडी दमट हवेत दहा दिवस ओली राहते आणि कोरड्या उन्हाळ्यात तीन दिवसांत सुकते. मॉस सालीपेक्षा कितीतरी जास्त वेळ ओल धरून ठेवतं. पाणी कधी द्यायचं ते वारावरून ठरत नाही, मुळांवरून ठरतं.

*पाणी घालण्याआधी तपासा:*

- कुंडी पारदर्शक असेल तर आतली मुळं बघा. हिरवी मुळं म्हणजे पाणी आहे. रुपेरी-करडी झाली की पाण्याची वेळ झाली.
- कुंडीच्या आतल्या भिंतीवर पाण्याचे थेंब दिसत असतील तर थांबा.
- कुंडी उचलून बघा. पाणी दिल्यावर लगेच आणि मुळं रुपेरी झाल्यावर असं दोन्ही वेळा वजन हाताने अजमावलं की पुढे नुसतं उचलूनही कळतं.
- शंका असेल तर एक दिवस थांबा. एक दिवसाच्या तहानेने फॅलेनॉप्सिस मरत नाही.

*पाणी घालताना:*

1. वेळ सकाळची ठेवा, म्हणजे पानांवर उडालेलं पाणी रात्रीपर्यंत सुकतं.
2. कुंडी बेसिनमध्ये ठेवा आणि सगळ्या बाजूंनी पाणी घाला, खालच्या भोकांतून भरपूर वाहून जाऊ द्या. कपभर पाणी मध्यात ओतलं तर अर्धी मुळं कोरडीच राहतात.
3. माध्यम फारच सुकलं असेल तर कुंडी काठाच्या थोडी खालपर्यंत पाण्यात 10-15 मिनिटं बुडवून ठेवा. एकाच पाण्यात पाठोपाठ दुसरं झाड बुडवू नका, रोग असाच पसरतो.
4. 15-20 मिनिटं निथळू द्या आणि मगच शोभेच्या कुंडीत परत ठेवा. तिच्या तळाशी पाणी उरता कामा नये.
5. पानांच्या मध्यात पाणी गेलं असेल तर टिश्यू कागदाने टिपून घ्या.

> सावध: फॅलेनॉप्सिसचं वाढीचं टोक पानांच्या मध्यात असतं आणि ते एकच असतं. तिथे पाणी साचून ते काळं पडलं आणि सगळ्यात कोवळं पान ओढताच हातात आलं, तर त्या टोकातून नवी पानं येणार नाहीत. कधीकधी बुंध्यातून नवा फुटवा येतो, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

पाणी कुठलं वापरावं? पावसाचं उत्तम, आरओचंही चालतं. जड पाण्याने सालीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरे थर साचतात आणि मुळांची टोकं करपतात. मीठ वापरून मृदू केलेलं पाणी मात्र अजिबात नको, त्यातलं सोडियम मुळांना मारतं.

आता सुरकुतलेल्या पानांविषयी. हे लक्षण दोन अगदी विरुद्ध कारणांनी दिसतं. एक, पाणीच मिळत नाही. दोन, पाणी आहे, पण मुळं कुजल्यामुळे ते वर चढत नाही. वरून दोन्ही झाडं सारखीच दिसतात, म्हणून पानं बघून पाणी घालू नका. मुळं बघा. रुपेरी आणि टणक असतील तर झाड तहानलेलं आहे, भरपूर पाणी द्या. तपकिरी आणि मऊ असतील तर आता पाण्याचा उपयोग नाही, कुंडी बदलावी लागेल.

पायरी 5: कुंडी आणि माध्यम बदलणं

दीड-दोन वर्षांनी सालीचा भुगा होऊ लागतो, तुकड्यांमधली हवेची जागा बुजते आणि कुंडी वाळेनाशी होते. बदलायची योग्य वेळ म्हणजे फुलं संपल्यावर, नव्या मुळांची हिरवी टोकं डोकावू लागतात तेव्हा. मुळं कुंडीबाहेर आली म्हणून घाई करू नका, हवेत मुळं सोडणं हा या झाडाचा स्वभावच आहे.

*आदल्या दिवसाची तयारी*

इथे आळस केला की पुढचं सगळं फसतं.

- पाइनच्या सालीचे 1-2 सेंटिमीटरचे तुकडे रात्रभर पाण्यात भिजत घाला. कोरडी साल पाणी झटकून टाकते, आणि नव्या कुंडीत झाड तहानलेलं राहतं.
- सालीऐवजी नारळाच्या सोडणाचे तुकडे घेत असाल तर दोन-तीन दिवस भिजवा आणि तपकिरी रंग उतरायचा थांबेपर्यंत पाणी बदलत राहा. त्यात क्षार असतात.
- लाकडी कोळसा धुऊन त्याची भुकटी काढून टाका.
- पारदर्शक प्लास्टिकची, तळाला आणि बाजूंना भरपूर भोकं असलेली कुंडी घ्या.

सात भाग साल, दोन भाग कोळसा आणि एक भाग पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) हे मिश्रण बहुतेक घरांत चालतं. हवा फार कोरडी असेल तर थोडं स्फॅग्नम मॉस मिसळा. बागेची माती, शेणखत किंवा कोकोपीट मूठभरसुद्धा घालू नका. बारीक कण तुकड्यांमधल्या फटी बुजवतात आणि आपण मुद्दाम ठेवलेली हवा निघून जाते.

कुंडीचं माप मुळांवरून ठरवा, पानांच्या पसाऱ्यावरून नव्हे. मुळांचा गोळा बसून भोवती एक-दोन बोटं जागा उरली की पुरे. कुजलेली मुळं कापल्यावर गोळा लहान झाला असेल तर कुंडी आधीपेक्षाही लहान घ्या. 'मोठ्या कुंडीत जोमाने वाढेल' हा समज ऑर्किडच्या बाबतीत उलटा पडतो: जादा माध्यम ओलं राहतं, ते पाणी प्यायला मुळंच नसतात.

*प्रत्यक्ष काम*

1. कात्रीचं पातं ज्योतीवर तापवून निर्जंतुक करा आणि प्रत्येक झाडानंतर पुन्हा तापवा. स्पिरिटने बुरशी आणि जिवाणू बऱ्यापैकी मरतात, पण ऑर्किडमधले विषाणू त्याने खात्रीने जात नाहीत. हे विषाणू बहुतेकदा कात्रीमार्फत एका झाडातून दुसऱ्यात जातात आणि त्यांवर औषध नाही.
2. कुंडी 15 मिनिटं पाण्यात ठेवा. ओली मुळं लवचिक होतात आणि तुटत नाहीत.
3. कुंडी बाहेरून दाबून झाड सोडवा. मूळ भिंतीला चिकटलं असेल तर ओढू नका, प्लास्टिकची कुंडी कापा.
4. जुनं माध्यम पूर्ण काढा, मधल्या मॉसच्या गोळ्यासकट. गोळा तसाच ठेवला तर एवढी सगळी मेहनत वाया जाते.
5. प्रत्येक मूळ बोटांनी हलकेच दाबून बघा. टणक असेल तर ठेवा. पोकळ लागलं, मऊ लागलं किंवा वरचं आवरण निघून आत नुसता दोरा राहिला असेल तर टणक भागापर्यंत कापा.

> तपासा: माध्यमाच्या आत वाढलेली मुळं पिवळसर किंवा फिकट तपकिरी असू शकतात, कारण त्यांना उजेड मिळालेला नसतो. रंगावरून कापू नका. चांगली मुळं कापून झाड अधू करणं ही या कामातली फार नेहमीची चूक आहे.

6. बरीच मुळं कापली असतील तर झाड सावलीत काही तास ते एक दिवस उघडं ठेवा, जखमा कोरड्या होऊ द्या. दालचिनीची पूड वापरायची असेल तर फक्त कापलेल्या टोकावर लावा. ती ओल शोषते, त्यामुळे धडधाकट मुळांवर पसरली तर तीही सुकतात.
7. सगळ्यात खालचं पान माध्यमाच्या जरा वर राहील अशा बेताने झाड धरा. बुंधा पुरू नका. एका हाताने झाड धरून बाजूंनी तुकडे सोडा आणि कुंडी टेबलावर हलकेच आपटत जा, म्हणजे ते मुळांमध्ये जाऊन बसतील. अंगठ्याने ठासून दाबू नका.
8. झाड हललं तर काडीचा आधार देऊन बांधा. झाड डुलत राहिलं की नव्या मुळांची कोवळी टोकं सालीवर घासून मरतात.

मुळं कापली असतील तर चार-पाच दिवस पाणी देऊ नका. कापली नसतील तर दुसऱ्या दिवशी द्या. महिनाभर उजेड नेहमीपेक्षा किंचित कमी ठेवा. या काळात खालचं एखादं पान पिवळं पडलं तर घाबरू नका, झाड त्यातलं अन्न नव्या मुळांसाठी काढून घेतं. ते पान स्वतःहून सुटेपर्यंत ओढू नका.

पायरी 6: खत

नवीन मूळ किंवा नवीन पान वाढताना दिसलं तरच खत द्या. आजारी झाडाला खत म्हणजे कुजलेल्या मुळांवर क्षारांचा मारा.

पाण्यात विरघळणारं 19-19-19 किंवा 20-20-20 (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) खत चालेल. पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या एक चतुर्थांश घ्या, आणि मुळं आधी साध्या पाण्याने ओली करून मग हे पाणी द्या. वाढीच्या काळात एकाआड एक पाण्याला खत पुरे. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी भरपूर धुवा, म्हणजे साचलेले क्षार निघून जातील. फुलं आणणारं म्हणून विकलं जाणारं जास्त फॉस्फरसचं खत घ्यायची गरज नाही. फुलं येतात ती उजेड आणि तापमानामुळे. आंबवलेली घरगुती पाणीही नकोत, ती सालीत कुजतात आणि चिलटं जमवतात.

पायरी 7: कीड

दर आठवड्याला पानं उलटून बघा. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड कापसाच्या बोळ्यावर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. पानांच्या बेचक्यांत आणि बुंध्याशी नक्की बघा, ती तिथेच लपते. एकदा पुसून काम होत नाही, कारण अंडी उरतात. सात ते दहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा तरी करा. पानांवर बारीक रुपेरी ठिपके आणि खाली जाळी दिसली तर ती कोळी कीड आहे. पानं दोन्ही बाजूंनी पाण्याने धुवा. हवा फार कोरडी झाली आहे, असाही त्याचा अर्थ असतो.

पायरी 8: फुलं गेल्यावर आणि पुन्हा फुलताना

शेवटचं फूल गळल्यावर फॅलेनॉप्सिसचा दांडा अजून हिरवा असेल आणि झाडाला चार-पाच टणक पानं असतील, तर बुंध्याकडून दुसऱ्या किंवा तिसऱ्या डोळ्याच्या एक सेंटिमीटर वर कापा. कधीकधी तिथून फाटा फुटून पुन्हा फुलं येतात. झाड थकलेलं असेल तर हा मोह टाळा आणि दांडा बुंध्याजवळ कापून टाका. वाळलेला दांडाही तसाच कापा.

डेंड्रोबियमची पानं गळालेली केन मेलेली समजून कापू नका. त्यात पाणी आणि अन्न साठलेलं असतं, आणि तिच्यावर पुन्हा फुलंही येऊ शकतात. पूर्ण वाळून कागदासारखी झाली तरच काढा.

पुढच्या बहरासाठी फॅलेनॉप्सिसला तीन-चार आठवडे थंड रात्री लागतात: 16 ते 18 अंश, आणि दिवसा 25 च्या आसपास. वर्षभर एकसारख्या उबदार खोलीत ठेवलेलं झाड पानं काढत राहतं आणि फुलत नाही. थंडीत रात्री थोडी खिडकी उघडी ठेवली तरी बऱ्याचदा काम होतं.

पानाच्या बगलेतून काही फुटलं की नीट बघा. टोक गुळगुळीत आणि गोलसर असेल तर मूळ. टोक चपटं आणि एका बाजूला खाच असलेलं असेल तर फुलदांडा. दांडा असेल तर त्या दिवसापासून कुंडी फिरवू नका. दांडा उजेडाकडे वळतो, आणि दर चार दिवसांनी दिशा बदलली की फुलं वेडीवाकडी लागतात. 12-15 सेंटिमीटर झाल्यावर, कोवळा असतानाच, काडी लावून सैल बांधा. फुलं उमलायला साधारण अडीच-तीन महिने लागतात.

> कळ्या पिवळ्या पडून गळत असतील तर: जवळ पिकणारी फळं आहेत का बघा, त्यांतून निघणारा इथिलीन वायू कळ्या पाडतो. थंड किंवा गरम झोत, जागा बदलणं आणि कळ्यांच्या काळात मुळं पूर्ण सुकू देणं ही बाकीची नेहमीची कारणं.

थंडी सरली तरी दांडा आला नाही, तर सगळ्यात नव्या पानाची त्याआधीच्या पानाशी तुलना करा. नवं पान तेवढंच किंवा मोठं असेल तर झाड तयार आहे. उजेड वाढवा आणि पुढच्या थंडीत रात्रीच्या तापमानाकडे लक्ष द्या. नवं पान आधीच्यापेक्षा लहान असेल तर फुलांची अपेक्षा या वर्षी बाजूला ठेवा, कुंडी हातात घ्या आणि मुळं तपासा.

नोबिले प्रकारच्या डेंड्रोबियमचं गणित वेगळं आहे. त्याला थंडीत पाणी अगदी कमी आणि खत पूर्ण बंद करावं लागतं, केन किंचित सुरकुतली तरी चालते. त्या काळात नेहमीसारखं पाणी-खत चालू राहिलं तर फुलांच्या डोळ्यांतून फुलांऐवजी मुळं फुटलेली पिल्लं निघतात. अशी पिल्लं निघाली तर त्यांची मुळं चार-पाच सेंटिमीटर होईपर्यंत केनवरच राहू द्या, मग कापून लहान कुंडीत लावा.